एंजिन बदलतांना मधली तबकडी

श्रोतेहो, जुन्या मोटारीला निराळें एंजिन बसवावयाचें म्हटलें, कीं मालक दोन प्रश्न विचारतो : तें त्या जागेंत मावेल काय, आणि गाडीच्या गिअरबॉक्सशीं त्याचें जुळेल काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा दोहोंच्या तोंडांवरील बोल्टांचीं भोंकें ताडून दिलें जातें. भोंकें जुळलीं, कीं लग्न ठरलें! परंतु या दोन घराण्यांचा खरा संबंध जोडणारी एक पातळ पोलादी तबकडी आंत दडलेली असते. तिची चौकशी मात्र पुष्कळदां राहून जाते. तिला फ्लेक्सप्लेट म्हणतात. आज तिच्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

हातानें गिअर बदलावयाच्या मोटारींत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोंकाला फ्लायव्हील हें जड चक्र असतें. एंजिनची गति एकसारखी राखणें व क्लचला टेकावयास सपाट पृष्ठ देणें, हीं त्याचीं कामें. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींत क्लचच्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर येतो. हें तेलानें भरलेलें बंद भांडें होय. एंजिन तें फिरवितें, आंतील तेल समोरचीं पातीं ढकलतें, आणि शक्ति गिअरबॉक्सकडे जाते. हें भांडें स्वतःच जड असल्यानें फ्लायव्हीलचें कामहि तेंच करतें. म्हणून तेथें नुसती तबकडी पुरते. तिचा मध्य क्रँकशाफ्टला व कडेचा भाग कन्व्हर्टरला बोल्टांनीं जोडतात; परिघावर स्टार्टरसाठीं दांते असतात.

ती पातळ कां? तेलाचा दाब व उष्णता वाढली, म्हणजे कन्व्हर्टर किंचित् फुगतो व पुढेंमागें सरकूं पाहतो. तबकडी फिरण्याच्या दिशेनें ताठ, परंतु पुढेंमागें लवणारी असल्यामुळें ती एंजिनचा सारा जोर पोंचविते आणि ही हालचालहि सोसते. मात्र लवणें हा तिचा धर्म असला, तरी चुकीचीं मापें सांभाळून घेणें हें तिचें काम नव्हे.

अमेरिकेंत १९५५ सालीं निघालेल्या शेव्हरोलेच्या आठ सिलिंडरांच्या लहान एंजिनाचें उदाहरण घेऊं. १९८५ पर्यंत त्याच्या क्रँकशाफ्टवरील बोल्टांचें वर्तुळ ३.५८ इंच व्यासाचें होतें. १९८६ पासून मागील तेलाचें सील एकसंध झालें आणि वर्तुळ ३ इंचांवर आलें. शिवाय तबकड्या दोन आकारांच्या : एक १५३ दांत्यांची, दुसरी १६८ दांत्यांची व मोठी. स्टार्टर एकीचा व तबकडी दुसरीची असली, तर दांते नीट भिडत नाहींत.

इतक्या चुका निदान लवकर उघड होतात. खरा धोका आहे तो तोलाचा. १९७० सालीं आलेल्या ४०० घनइंची एंजिनाच्या तोलाचा कांहीं भाग तबकडीवरच वजन लावून साधलेला होता. त्याच काळच्या ३५० घनइंची एंजिनाचा तोल आंतल्याआंत पुरा होता. दोहोंचें बोल्टांचें वर्तुळ एकच; म्हणून एकाची तबकडी दुसऱ्यावर बिनतक्रार चढते. एंजिन सुरूहि होतें. मात्र मग तें थरथरूं लागतें, आणि ती थरथर बेअरिंगें खाऊन टाकते.

पुढें १९९७ सालीं त्याच घराण्यांत एल. एस. मालिकेचें एंजिन आलें. त्यांतील बहुतेकांच्या क्रँकशाफ्टचें मागील टोंक जुन्यापेक्षां ०.४ इंच पुढें आहे. जुन्या गिअरबॉक्सशीं तें जोडतांना कन्व्हर्टरचें नाक क्रँकशाफ्टच्या खोबणींत पोंचत नाहीं. वस्तुतः कन्व्हर्टर मध्यावर राखण्याचें काम त्या खोबणीचें असतें, बोल्टांचें नव्हे. म्हणून तेथें मापाचें जाड कडें, सपाट तबकडी व लांब बोल्ट घालावे लागतात. कडें वगळून तबकडीच वांकवून कन्व्हर्टरपर्यंत नेली, तर तिला फिरतांना सतत मुरड पडते व बोल्टांभोंवतीं तडा जातो. त्या तड्याचा ठोका बेअरिंगच्या ठोक्यासारखाच ऐकूं येतो. आणि निर्दोष एंजिन उगाच खोललें जातें.

हें सारें टाळण्याची परीक्षा सोपी आहे. गिअरबॉक्स एंजिनाला भिडवितांना त्याचें तोंड हातानेंच पुरतें टेकलें पाहिजे. बोल्टांनीं ओढून आणूं नये. तें टेकत नसेल, तर कन्व्हर्टर पंपांत पुरता बसलेला नाहीं असें समजावें. टेकल्यावर कन्व्हर्टर हातानें मोकळा फिरला पाहिजे, आणि तो मागें सारला असतां त्याच्यांत व तबकडींत साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट असावी. फट नसेल, तर बोल्ट आंवळतांच पंपावर दाब येतो. फार असेल, तर कन्व्हर्टर पुढें ओढला जाऊन पंपावरची त्याची पकड अपुरी राहते.

श्रोतेहो, सर्व खर्चांत या तबकडीचा वांटा अगदीं थोडा. पण बोल्टांचें वर्तुळ, दांते, तोल व अंतर या चार गोष्टी खरेदीपूर्वीं पाहिल्या नाहींत, तर तिच्यापायीं पंप जातो, क्वचित् एंजिनहि जातें. म्हणून कारागिराला एंजिनची किंमत विचारण्याआधीं मधल्या तबकडीचें माप विचारावें. त्याला तें सांगतां आलें, तरच त्याच्या हातीं गाडी द्यावी.