तापलेली मोटार पुन्हा सुरू का होत नाही?

(वाहनांची निगा या विषयावरील भाषणाचा मजकूर)



सकाळी पहिल्याच झटक्यात सुरू होणारी मोटार चोर्ला घाट चढून कणकुंबीस थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, तर काही केल्या सुरू होत नाही. अर्ध्या तासाने तीच मोटार जणू काही घडलेच नाही अशी चालू लागते. गाडीत बेळगावच्या इस्पितळात न्यावयाचा रुग्ण असेल, तर हा अर्धा तास फार मोलाचा असतो. शिवाय गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन निवते, दोष दडून बसतो आणि अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. खर्च होतो, दुखणे तसेच राहते. म्हणून दोष प्रकट असतानाच त्याची पाहणी व्हावी, हेच आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

इंजिन बंद केले की पंखा आणि पाण्याचे अभिसरण थांबते. परंतु धातूत साठलेली उष्णता बॉनेटखालील भागांत पसरत राहते. त्यामुळे गाडी थांबल्यावर काही मिनिटे तेथील तापमान उलट वाढतेच.

अशा वेळी प्रथम पाहावे, की स्टार्टर नेहमीच्या वेगाने इंजिन फिरवतो काय? तांब्याचा विद्युत्‌रोध दर अंशास सुमारे ०.४ टक्के वाढतो; म्हणजे ६० अंशांनी तापलेल्या तारेत तो जवळजवळ एक चतुर्थांशाने वाढतो. जोडणी सैल वा गंजलेली असल्यास स्टार्टर रखडतो. तो रखडत असतानाही १२ व्होल्टची बॅटरी १० व्होल्टच्या वर राहत असेल, तर बॅटरी बदलू नये. तारा, अर्थची पट्टी व स्टार्टर तपासावा.

वेग नेहमीचा असेल, तर ठिणगीचा विचार करावा. कॉइल किंवा क्रँकशाफ्टचा सेन्सर तापल्यावर निकामी होतो आणि निवल्यावर पुन्हा काम करतो. स्टार्टर फिरत असता इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा मुळीच हलला नाही, तर पुष्कळ गाड्यांत या सेन्सरवर संशय घेण्यास जागा असते.

ठिणगी ठीक असेल, तर इंधन पाहावे. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोल उकळून त्याची वाफ इंजिनात भरते व उग्र वास येतो. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर वारंवार न दाबता पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर फिरवावा. इंजेक्शनच्या गाडीत चावी स्टार्टरपर्यंत न नेता दोन-तीन सेकंद ठेवावी, बंद करावी, असे दोन-तीन वेळा करावे. त्यानंतर गाडी चटकन सुरू झाली, तर बंद अवस्थेत इंधनाचा दाब उतरत आहे असे समजावे. सुरू होताना काळा धूर निघाला, तर इंजेक्टर गळत असेल किंवा तापमानाचा सेन्सर खोटी वर्दी देत असेल. डिझेल गाडीत स्टार्टर फिरत असता मागून धूरच आला नाही, तर इंधन पोहोचत नाही. झिजलेल्या पंपातून तापून पातळ झालेले डिझेल निसटते आणि पुरेसा दाब निर्माण होत नाही.

काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. पेट्रोल गळत असल्यास ठिणगीची परीक्षा करू नये, विडी-सिगारेटही पेटवू नये. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये व मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. तापमानाचा काटा तांबड्या खुणेवर असेल, तर आधी इंजिन का तापते याचाच शोध घ्यावा.

पंचायत, शाळा व आरोग्य केंद्र यांच्या गाड्यांवर चालक बदलत असतात. म्हणून प्रत्येक गाडीत एक वही ठेवावी. गाडी किती मिनिटे थांबली होती, स्टार्टरचा वेग कसा होता, वास वा धूर आला काय, काटा हलला काय आणि किती वेळाने गाडी सुरू झाली, एवढे त्याच जागी लिहावे. ही पाच उत्तरे हाती असली, की कुशल कारागिराचे निम्मे काम हलके होते. आणि दोष दूर होईपर्यंत ती गाडी रुग्णासाठी पाठवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.