हिशेबाची रोजनिशी आणि बाहेरचा पहारा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)





जुन्या पेढ्यांवर दिवाळीत पूजिल्या जाणाऱ्या चोपड्या शिवलेल्या असत. पान फाडले तर शिवण बोले, आकडा खोडला तर शाई बोले. संगणकाच्या पडद्यावरील बदललेला आकडा मात्र कोणतीही खूण न ठेवता नवा होऊन बसतो. म्हणूनच हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट लॉग’ असतो. कोणी, कोणत्या क्षणी, कोणती नोंद केली, बदलली वा पुसली, याची ती आपोआप लिहिली जाणारी रोजनिशी होय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना, अशी रोजनिशी बंदच करता येणार नाही, असे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले. सार्वजनिक विश्वस्त संस्था कंपनी नसल्याने तिला तो नियम लागत नाही. परंतु तिच्याकडील पैसा तर दुसऱ्याचाच असतो!

ही रोजनिशी राहते कोठे? बहुधा त्याच संगणकात. ज्याच्या हाती त्या संगणकाचा सर्वाधिकार, त्याच्याच हाती ती पुसण्याचाही अधिकार.

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झाली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी आणि भारतात सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेद्वारे आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. घुसखोरांनी बनावट स्विच उभा केला होता. पैसे द्यावेत की नाही, ही विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. मंजुरी परस्पर मिळत होती. मुख्य वही जागेवर होती, पण तिला वार्ताच नव्हती. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकान्वये नागरी सहकारी बँकांची जोखमीनुसार वर्गवारी केली आणि वरच्या श्रेणीतील बँकांना अखंड देखरेखीचे केंद्र आवश्यक केले.

लहान संस्थेला असे केंद्र परवडणार नाही. तिने लॉगची प्रत क्षणोक्षणी बाहेरच्या देखरेख सेवेकडे धाडावी. तेथे नोंद भर घालण्यापुरतीच स्वीकारली जावी. संस्थेच्या कोणाही माणसाला ती पुसता येऊ नये. इंटरनेट खंडित झाल्यास नोंदी रांगेत थांबाव्यात आणि जोडणी येताच क्रमाने जाव्यात. संगणकांची घड्याळे जुळलेली असावीत, अन्यथा आधी काय व नंतर काय हेच कळत नाही. आणि लॉग येणे अकस्मात थांबले, तर ते मौनच धोक्याची घंटा मानावे. पुष्कळ ठिकाणी नेमके हेच राहून जाते.

बाहेर काय धाडू नये, हा विचार अधिक नाजूक आहे. गुप्तदान करणाऱ्या श्रावकाचे नाव देखरेख सेवेच्या पडद्यावर झळकले, तर दान गुप्त कसले? नाव, पॅन आणि मोबाईल क्रमांक संस्थेतच राहावेत. बाहेर केवळ पावती क्रमांक, वेळ आणि कृती जावी. पासवर्ड तर लॉगमध्ये उमटताच कामा नये.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार लागोपाठ येतात. खोटे लिहिणे आणि ठेव गिळणे यांचे नाते आचार्यांनी ओळखले होते. आलोचनाही गुरूसमोर करावयाची असते, एकट्याने मनाशी नव्हे. जुन्या मुनीमजींना हा पहारा अविश्वास वाटेल. वस्तुतः ज्या दिवशी रक्कम जुळत नाही, त्या दिवशी प्रामाणिक मुनीमाच्या बाजूने बोलणारा साक्षीदार तोच असतो.

सेवेकडून येणारी सूचना मात्र कोणीतरी वाचली पाहिजे. ती दोन विश्वस्तांच्या मोबाईलवर जावी, आणि त्यांपैकी एक कोषाध्यक्ष नसावा.