रानपिंगळा आणि त्याचे शेजारी
(मस्तगड, जालना येथील मंडळीच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाड्यांवरील सेवेविषयी बोलावे म्हणून तुम्ही मला बोलावले. शाळा आणि दवाखान्याच्या कामाविषयी तुम्ही या पत्रिकेत वाचताच. आज मी एका पक्ष्याविषयी सांगणार आहे. सातपुड्यात ज्या डोंगरांत आपली भिल्ल आणि पावरा भावंडे राहतात, तेच त्याचेही घर आहे.

रानपिंगळा हे जेमतेम वीतभर उंचीचे घुबड. इतर घुबडांसारखे ते केवळ रात्रीचे नाही; दिवसाउजेडी सरडे, उंदीर, किडे पकडते. जगात ते फक्त मध्य आणि पश्चिम भारतात आढळते. 1873 साली ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र त्याचा पत्ता लागेना. एका इंग्रज संग्राहकाने आपल्याला तो 1914 साली गुजरातेत मिळाल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना निघाला. मग त्यांनी खऱ्या जुन्या नोंदींचा माग धरला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या पथकाला रानपिंगळा दिसला. तब्बल 113 वर्षांनी!

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि 2014 साली तानसा येथेही तो आढळला. म्हणून 2018 मध्ये जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ हा दर्जा मिळाला. ही आनंदाची गोष्ट आहे, पण निर्धास्त होण्याची नाही. त्याची अंदाजे संख्या आजही हजाराच्या आतच धरली जाते.

त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. लाकूडतोड, वणवे आणि शेतीसाठी साफ होणारे जंगल यांमुळे अशी झाडे कमी होतात. घुबड अपशकुनी, ही समजूत आणि जादूटोण्यासाठी होणारी शिकार यांचाही त्याला धोका आहे. ही समजूत केवळ पाड्यांवरची नाही, आपल्या शहरांतही आहे. तेव्हा कोणी कोणाला नावे ठेवू नयेत.

मग उपाय काय? माणसांना बाजूला सारून पक्षी वाचवावा, असे काहींना वाटते. आपल्याच राज्यातला माळढोक पाहा. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आणि शेते आली, जमिनीच्या व्यवहारांत अडचणी आल्या आणि लोकांचा रोष त्या मुक्या पक्ष्यावर गेला. पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला.

सातपुड्यात तसे होऊ नये. ज्या कुटुंबाला पोटासाठी दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जावे लागते, त्याला जंगल राखायला सांगणे सोपे आहे. पण त्याच्या हातात काय आहे? 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला आहे. तो कागद गावाच्या हाती आला, मोहाची फुले आणि तेंदूपाने यांचे मोल नीट मिळाले, तर ढोलीचे झाड उभे ठेवण्यात त्याच गावाचे हित राहील.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. वनहक्काचे अर्ज भरायला मदत करू शकतील अशा सुशिक्षित तरुणांनी सुट्टीत पाड्यांवर यावे. सरपण कमी लागेल अशा चुलींसाठी देणगी द्यावी. आणि आपल्या संडेस्कूलच्या मुलांना घुबड हे देवाने निर्माण केलेले पाखरू आहे, अपशकुन नव्हे, हे शिकवावे.

चिमणीचीही स्वर्गीय पित्याला आठवण असते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. रानपिंगळ्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची आठवण तुमच्या प्रार्थनेत असू द्या.