घराण्याचे कागद जपताना

माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पत्रं सापडली, तर लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. कागद कायमचा बिघडतो. टाचण्या काढून पत्रं आम्लविरहित कागदात ठेवा. पाकीटही जपा, शिक्क्यावरून तारीख कळते. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नावं, गाव, साल लिहा. मजकूर मोडी लिपीत असेल, तर जाणकार गाठा. १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पूर्वजांच्या नोंदी मिळतात. आणि कागदांसोबत घराच्या आठवणीही जपा: घराण्याचा वाडा पाडायचा ठरलाच, तर आधी ओसरी, माजघर, देवघर दाखवणारा नकाशा काढा. कोणत्या खोलीत कोण राहायचं, हे आजीकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.