‘नराधम’ या शब्दाआड

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून एका शब्दापासूनच सुरुवात करतो. नराधम. बलात्काराची बातमी आली की हा शब्द मथळ्यात हमखास येतो. मीही तो कवितेत वापरला आहे. त्यातला संताप खरा असतो. पण या शब्दामुळे आपली एक समजूत होते. गुन्हेगार कुणी वेगळाच प्राणी असतो, अंधारातून येतो आणि तुरुंगातून सुटला की मरेपर्यंत तेच करत राहतो.

आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार, नोंदलेल्या दहा बलात्कारांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, मालक, मित्र.

आणि सुटल्यानंतर? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कार्ल हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ७,७४० लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत धोकादायक मानलेल्या गटातही पहिल्या पाच वर्षांत २२ टक्क्यांनी पुन्हा तसा गुन्हा केला. जे पाच वर्षं नीट राहिले, त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत हे प्रमाण ८.६ टक्के, त्यापुढच्या पाचांत ४.२ टक्के. म्हणजे खरी नजर हवी ती सुटकेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत.

पण हे आकडे उघडकीला आलेल्या गुन्ह्यांचे. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईतल्या बंद शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. ती बोलली, तेव्हा दुसरी तरुणी पुढे आली. ३१ जुलैला त्याच आवारात तिच्यावरही हाच प्रसंग ओढवला होता. दोन्ही गुन्ह्यांत तीन आरोपी तेच. वारंवार गुन्हा करणाऱ्यांसाठीच्या नव्या कलमाखाली त्यांना २०१४ मध्ये फाशी सुनावली गेली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

त्या तिघांचा दुसरा गुन्हा तुरुंगातून सुटल्यावरचा नव्हता. पहिल्याची वाच्यता झाली नव्हती, त्या तीन आठवड्यांतला होता. दोष त्या मुलीचा मुळीच नाही. बोलणाऱ्या मुलीलाच ‘तू तिथे गेलीस कशाला?’ असं विचारणारे आपण, दोष आपला आहे.

म्हणून एवढंच मागणं. घरातलं मूल उद्या म्हणालं, ‘मला त्या काकांकडे, त्या मामूंकडे जायचं नाही’, तर ‘मोठ्यांबद्दल असं बोलू नये’ म्हणू नका. जवळ घ्या आणि विचारा, ‘का रे बाळा?’ मग ते सांगेल ते ऐका. सगळं ऐका.