न वाचलेली जामीनकी
(गांवच्या वाचनालयांत दिलेलें व्याख्यान)

गेल्या आठवड्यांत इतिहासाच्या तासाला एका कुंभाराच्या पोरानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, खून झाला बोस्नियांत, मग आपलीं माणसें इराकांत कां मेलीं?" प्रश्न पोराचा, पण उत्तर थोरांनीं ऐकण्याजोगें आहे. तेंच आज आपणांपुढें मांडतों.

जामीनकी म्हणजे काय, हें आपणांस शिकवावें लागत नाहीं. कर्ज एकाचें, आणि जप्तींत बैल जातात ते जामिनाचे. युरोपांतल्या राजेलोकांनीं अशाच जामीनक्या एकमेकांस लिहून दिल्या होत्या. १८८२ सालीं जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली एक झाले. १८९४ सालीं रशिया व फ्रान्स यांनीं गुप्त तह केला. इंग्लंडनें १९०४ सालीं फ्रान्सशीं आणि १९०७ सालीं रशियाशीं जुनीं भांडणें मिटविलीं.

मग १९१४ च्या २८ जूनला साराजेवो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २८ जुलैला ऑस्ट्रियानें सर्बियावर युद्ध पुकारलें. सर्बियाच्या पाठीशीं रशिया उभा राहिला, म्हणून १ ऑगस्टला जर्मनीनें रशियावर व ३ ऑगस्टला फ्रान्सवर युद्ध पुकारलें. जर्मन फौज बेल्जममधून घुसली. बेल्जमच्या तटस्थतेला १८३९ पासून इंग्लंडची हमी होती. ४ ऑगस्टला इंग्लंडही उतरलें. आठ दिवसांत साऱ्या जामीनक्या वसुलीस निघाल्या!

इंग्लंडबरोबर हिंदुस्थान ओढला गेला. त्यास कोणीं विचारलें नाहीं. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं. सत्तर हजारांहून अधिक परत आलीं नाहींत. तुर्कस्तान जर्मनीस मिळाला, म्हणून इराकांत लढाई पेटली. तेथें कूत येथें पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला वेढा पडला. तींत मराठा पलटणीही होत्या. जवळजवळ पांच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसें शरण गेलीं. त्यांतलीं पुष्कळ कैदेंत, वाळवंटांतल्या पायपिटीनें व रोगानें मेलीं. जप्ती आली ती अशी, नांगर धरणाऱ्याच्या घरावर.

कोणी म्हणेल, मग कोणाशीं दोस्तीच करूं नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. एकटें बेल्जमही तुडवलें गेलेंच. आमचें भांडण दोस्तीशीं नाहीं, झांकलेल्या कागदाशीं आहे. १९१५ सालीं इटलीनें लंडनला गुप्त तह केला आणि मुलुखाच्या आशेनें जुने सोबती सोडले. १९१७ सालीं रशियांत क्रांति झाली, तेव्हां नव्या सरकारनें असले गुप्त कागद छापून टाकले व जगास हें कळलें. तरी खोड गेली नाहीं. २३ ऑगस्ट १९३९ रोजीं जर्मनी व रशिया यांनीं एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार जाहीर केला. आंतल्या गुप्त कागदांत मात्र पोलंडची वांटणी होती. दोन वर्षें होण्याआधींच जर्मनी रशियावर चालून गेली. आणि ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयनें हिंदुस्थानास न विचारतां पुन्हां युद्धांत लोटलें.

एवढें रक्त सांडल्यावर १९४५ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेंत १०२ वें कलम आलें: सभासद राष्ट्रानें केलेला प्रत्येक करार तेथें नोंदवावा व तो छापला जावा; न नोंदलेला करार त्या संस्थेपुढें पुढें करतां येणार नाहीं. १९४९ च्या नाटो कराराचें पांचवें कलम, एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हें आज कोणासही वाचतां येतें. जामीनकी ती जामीनकीच. पण निदान अक्षरें उघडीं आहेत.

त्या पोरास आम्हीं सांगितलें, "बाळ, आपलीं माणसें न वाचलेल्या कागदापायीं मेलीं." आतां राज्य आपल्या मताचें आहे. आपल्या नांवानें कोणता करार होतो, कोणत्या कलमानें आपलीं मुलें बांधलीं जातात, हें मत मागायला येणाऱ्यास विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. वाचल्याशिवाय अंगठा नाहीं, हा घरचा नियम राज्याच्या कागदासही लावा.