कचेरीचें बिनतारी जाळें आणि यंत्राचा दाखला

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, हें काम इंजिनियरांचें. सेवानिवृत्त शाळामास्तरानें त्यांत कां पडावें? परंतु विद्यार्थ्यांस दाखला देणें, परक्या शाळेहून आलेल्या दाखल्यावरील सही-शिक्का पारखणें आणि त्यांतील खाडाखोड ओळखणें, यांतच माझीं पुष्कळ वर्षें गेलीं; आणि आज जें सांगावयाचें आहे, तें मुळांत दाखल्यासंबंधींच आहे.

वकिलाची कचेरी, कर-सल्लागाराची कचेरी किंवा डॉक्टरांचा दवाखाना डोळ्यांपुढें आणा. माणसें दहा-बारा, भिंतीवर वायफायची एक पेटी, आणि सर्वांस मिळून एकच पासवर्ड. त्यास आपल्या भाषेंत परवलीचा शब्द असें जुनें व नेमकें नांव आहे. तो बहुधा चिठ्ठीवर लिहून दिनदर्शिकेशेजारीं डकविलेला असतो. वास्तविक परवलीचा शब्द ही छावणींतली वस्तु. तो वरचेवर बदलावयाचा असतो, हेंच त्याचें सामर्थ्य. आपल्या कचेऱ्यांतून मात्र पेटी बसविली त्या दिवशींचा शब्द वर्षानुवर्षें चालतो.

माझ्या परिचयाच्या एका कचेरींतील लेखनिक नोकरी सोडून गेला. चार महिन्यांनीं तो समोरच्या चहाच्या दुकानांत बसला असतां त्याचा फोन आपण होऊन त्या कचेरीच्या जाळ्यास जोडला गेला, आणि त्यानेंच वर जाऊन ही गोष्ट मालकांस सांगितली. मनुष्य सज्जन, म्हणून निभावलें. त्या कचेरींत पुष्कळ कुटुंबांचीं पॅन कार्डें, बँकांचे उतारे व मृत्युपत्रांचे मसुदे होते. पासवर्ड बदलावा म्हटलें, तर बारा लॅपटॉप, तितकेच फोन आणि दोन प्रिंटर यांवर तो नव्यानें घालावयाचा. म्हणून कोणी तो बदलीत नाहीं. बारा जणांस ठाऊक असलेलें गुपित त्यांतील एकट्याकडून परत घेतां येत नाहीं, ही यांतील खरी अडचण होय.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. २००४ सालापासून प्रचारांत आलेल्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतींत ज्यास सामाईक पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्यानें एखाद्या यंत्राची जोडणी होतांनाचा संवाद टिपून ठेवला आहे, त्यास त्या यंत्राचें वायफायवरील दळणवळण उलगडतां येतें. संकेतस्थळांचें स्वतःचें कुलूप त्याच्या आंत असतें हें खरें. परंतु कचेरींतल्या कचेरींत जे कागद प्रिंटरकडे जातात, ते पुष्कळदां उघडेच जातात. २०१८ सालीं जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए-३ नें हा दोष दूर केला, तरी सर्वांचा मिळून एक शब्द ही मूळची रीत साध्या जाळ्यांत तशीच राहिली.

यावर उपाय असा कीं, सामाईक शब्द काढून टाकून प्रत्येक यंत्रास त्याचा स्वतःचा दाखला द्यावा. ईएपी-टीएलएस या नांवाची ही पद्धति १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली, २००८ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली आणि २०२२ सालीं ती नव्या टीएलएसशीं जुळवून घेण्यांत आली. वस्तु नवीन नव्हे. लहान कचेऱ्यांनीं मात्र तिला भिऊन दूर ठेविलें आहे.

हा दाखला म्हणजे काय? यंत्रामध्यें दोन किल्ल्यांची जोडी निर्माण होते. एक जाहीर, दुसरी खासगी. दाखल्यावर यंत्राचें नांव, त्याची जाहीर किल्ली, मुदत व अनुक्रमांक असतात, आणि कचेरीच्या मुख्य किल्लीनें केलेली सही असते. पेशवाईंतील कागदांवर शेवटीं मोर्तब करीत, तें अशासाठीं कीं, मजकूर तेथें संपला व त्याखालीं कोणी ओळ वाढवूं नये. येथील सही याच्याही पुढें जाते. दाखल्यांतील एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं. परंतु कागदी दाखल्याचें एक वैगुण्य आम्हां मास्तरांस चांगलें ठाऊक आहे. खरा दाखला भलत्याच मुलाच्या हातीं असूं शकतो! त्यावरची तोड खासगी किल्लींत आहे. यंत्रानें दाखला पुढें केला, कीं त्याच क्षणीं चाललेल्या संवादावर त्यास खासगी किल्लीनें सही करून दाखवावी लागते. ती सही जाहीर किल्लीनें पडताळतां येते, पण तिच्यावरून खासगी किल्ली काढतां येत नाहीं. म्हणून दाखल्याची नक्कल शंभर जणांनीं करून घेतली, तरी कोणाचें कांहीं साधत नाहीं. गुपित सांगावयाचें नाहीं. तें आपल्यापाशीं आहे एवढेंच सिद्ध करावयाचें. मला या शास्त्रांतील हा भाग सर्वांत मनोहर वाटतो.

वायफायची पेटी ही देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी असते. निर्णय तिचा नव्हे. नवें यंत्र आलें, कीं ती त्याचें बोलणें आंत रेडियस सर्व्हर नांवाच्या कारकुनाकडे पोंचविते, आणि त्याचा होकार येईपर्यंत दुसरें कांहींही आंत जाऊं देत नाहीं. होकाराबरोबर त्या यंत्रापुरती वेगळी किल्ली ठरते, म्हणून शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यासही तें दळणवळण वाचतां येत नाहीं. या कारकुनाचें काम करणारी फ्रीरेडियस ही आज्ञावली विनामूल्य मिळते व लहानशा संगणकावरही चालते.

आतां ज्या गोष्टीची सर्वांत अधिक हयगय होते, ती सांगतों. पारख दोन्ही बाजूंनीं व्हावी लागते. आपल्या जाळ्याचेंच नांव देऊन कोणीही रस्त्यावर दुसरी पेटी सुरू करूं शकतो. नांवावर कोणाची मालकी नसते. म्हणून लॅपटॉपनेंही सर्व्हरचा दाखला तपासला पाहिजे. त्यावर आपल्याच कचेरीची सही आहे काय? सर्व्हरचें नांव तेंच आहे काय? ही तपासणी बंद ठेवली तर खासगी किल्ली चोरीस जात नाहीं हें खरें, पण यंत्र खुशाल चोराच्या जाळ्यांत जाऊन बसतें. पूर्वीं अँड्रॉइड फोनांवर ‘तपासूं नका’ असा पर्याय मिळे, आणि घाईंतलीं माणसें तोच निवडीत. ११ व्या आवृत्तीच्या डिसेंबर २०२० मधील सुधारणेपासून गूगलनें तो काढून टाकला. पुष्कळांनीं तक्रार केली. मला तर तें योग्यच वाटलें.

मुख्य सही कोणाची असावी? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वयें परवाना मिळालेल्या संस्था आपल्याकडे डिजिटल सहीचे दाखले देतात; निविदा व कंपन्यांचीं विवरणपत्रें यांसाठीं ते लागतात. तेच येथें वापरण्याचा मोह टाळावा. आपल्या दारासाठीं बाहेरच्या संस्थेची सही सरसकट मान्य केली, तर तिचा दाखला घेतलेला कोणताही परका मनुष्य दाराशीं पात्र ठरण्याचा संभव असतो. येथें कचेरीनें स्वतःच मुख्याध्यापक व्हावें, आणि मुख्य खासगी किल्ली जाळ्यापासून दूर, पेनड्राइव्हवर कुलपांत ठेवावी. ती ज्याच्या हातीं पडेल, तो हवे तितके दाखले तयार करील.

तिघांच्या दुकानानें हा खटाटोप करावा असें मी म्हणणार नाहीं. तेथें लांब पासवर्ड आणि माणूस गेला कीं तो बदलण्याची शिस्त पुरे. जेथें इतरांचीं कागदपत्रें विश्वासानें ठेवलेलीं आहेत, तेथें तो करावा. मात्र दप्तर संभाळावें लागतें. दाखल्यांची मुदत एखाद्या सोमवारीं सकाळीं संपली, कीं सारी कचेरी ठप्प होते. यंत्राचें घड्याळ फार मागें पडलें असेल, तर खरा दाखलाही त्यास अजून सुरू न झालेला वाटतो. ज्या जुन्या प्रिंटरांस ही पद्धति कळत नाहीं, त्यांस तारेनेंच जोडावें.

शाळेंत जसें जनरल रजिस्टर असतें, तशी एक वही करावी: अनुक्रमांक, यंत्र, तें कोणाकडे आहे, दाखला दिल्याची तारीख, मुदत आणि शेवटीं शेरा. लेखनिक नोकरी सोडून गेला किंवा फोन रिक्षांत राहिला, कीं तो अनुक्रमांक रद्द दाखल्यांच्या यादींत घालावयाचा. इतर अकरा जणांस त्याचा पत्ताही लागत नाहीं. पण यादी केली म्हणजे सर्व्हर ती आपण होऊन वाचतो असें नाहीं. ती पाहावी असें त्यास सांगून ठेवावें लागतें, आणि नवी यादी दिल्यावर तो बहुधा पुन्हां सुरू करावा लागतो. यादीलाही स्वतःची मुदत असते. ती टळली तर सर्व्हर सर्वांनाच नाकारूं लागतो. आणि जें यंत्र त्या वेळीं आधींच जोडलेलें असेल, तें पुढच्या पारखेपर्यंत आंतच राहतें. म्हणून ही पारख कांहीं तासांनीं पुन्हां व्हावी, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशीं करून ठेवावी.